राजदूत ३५० चं टायमिंग : धुळ्याच्या उन्हाळ्यातल्या कामाच्या नोंदी

गाडी राजदूत ३५०, एचटी (हाय टॉर्क), १९८४ ची. काकांनी नवी घेतलेली, आता माझ्याकडे आहे. यामाहाच्या आरडी ३५० ची ही देशी आवृत्ती एस्कॉर्ट्सने १९८३ पासून फरिदाबादला बनवली. दोन सिलेंडर, टू-स्ट्रोक, ३४७ सीसी, बोअर ६४ आणि स्ट्रोक ५४ मिमी. प्रत्येक सिलेंडरला स्वतःचा प्लाटिन पॉइंट (उघडला की कॉइलचा प्रवाह तुटून प्लगवर ठिणगी पडते तो स्विच), स्वतःचा कंडेन्सर, स्वतःची कॉइल. म्हणजे टायमिंग, ठिणगी पडायची नेमकी वेळ, एकदा लावून भागत नाही, दोनदा लावावं लागतं. ही गाडी सांभाळणारे आता थोडे राहिलेत आणि तिचं टायमिंग कानाने लावणारे फार. म्हणून वहीतल्या नोंदी जशाच्या तशा देतो आहे. थोडी भाषा सुधारली, आकडे नाही.

१३ एप्रिल

लळिंगच्या चढावर चौथ्या गिअरमध्ये पूर्ण रेस दिली की डावीकडून टणटण ऐकू येते. पत्र्यावर बारीक खडे पडावेत तसा आवाज. सपाट रस्त्यावर काही नाही, आणि सकाळी इंजिन गार असतानाही काही नाही. गरम झालं आणि लोड आला की सुरू.

चढावरच, रेस पूर्ण असताना चावी बंद केली, क्लच दाबला आणि गाडी कडेला घेतली. प्लगचं खरं तोंड बघायचं तर असंच करावं लागतं. रेस सोडून घरापर्यंत आलात की प्लग काहीही सांगतो. उजवा प्लग काळपट आणि थोडा ओला. डावा पांढराफटक, चिनीमातीवर मोहरीपेक्षाही बारीक चमकदार कण. हे कण पिस्टनच्या ॲल्युमिनियमचे असतात. डावा पिस्टन वरून वितळायला लागलाय, भोक पडायचं बाकी आहे, एवढाच त्याचा अर्थ.

दिवाळीच्या आधी एका गॅरेजमध्ये ट्युनिंग करून घेतलं होतं. पॉइंट घासले, प्लेट सरकवली, रेस देऊन आवाज ऐकला आणि ‘झालं’ म्हणून गाडी दिली. पिकअप खरंच सुधारला होता, म्हणून मीही खूश होतो. ठिणगी वेळेआधी पडायला लागली की गाडी काही दिवस तरतरीत वाटते, आणि या इंजिनात धोका तिथेच आहे.

आता हे काम पुढे ढकलत नाही, आणि गाडी चालवतही नाही. पॉइंट उघडून बघेपर्यंत गाडी अंगणात.

१४ एप्रिल

डावीकडचं कव्हर काढलं. आत क्रँकबरोबर फिरणारा रोटर, त्याच्या टोकाला पॉइंट उघडणारा कॅम आणि समोरासमोर दोन पॉइंट. नारिंगी वायर डाव्या सिलेंडरची, करडी उजव्याची. आमच्या गाडीत मधे कुणीतरी वायरिंग बदललंय, दोन्ही वायरी मळून एकाच रंगाच्या झाल्यात, म्हणून कॉइलपर्यंत हात फिरवून खात्री केली आणि टेप गुंडाळून खुणा केल्या. हे आधी करा. चुकीच्या सिलेंडरवर गेज लावून उलट सिलेंडरचा पॉइंट सरकवत बसण्यात अख्खी दुपार जाऊ शकते.

डाव्या पॉइंटच्या एका तोंडावर बारीक टेंगूळ आणि समोरच्या तोंडावर तेवढाच खड्डा. असा पॉइंट फिलर गेजने मोजता येत नाही. पट्टी टेंगळावर बसते आणि गॅप आहे त्यापेक्षा कमी दाखवते. माझ्या पट्टीने ०.३५ दाखवलं. पॉइंट फाइलने तोंडं सपाट केल्यावर त्याच ठिकाणी ०.४५ निघालं. मॅन्युअलमध्ये ०.३० ते ०.४० आहे. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतो, म्हणजे ठिणगी आधी पडते. टणटणीचं अर्धं कारण इथेच सापडलं असं आज तरी वाटतंय.

पॉलिश पेपर वापरू नये असं सगळे सांगतात, कारण त्याची रेती पॉइंटच्या तोंडात अडकते. फाइल नसेल तर जुन्या हॅकसॉ ब्लेडची गुळगुळीत बाजूही चालते असं ऐकलंय, मी करून पाहिलेलं नाही. घासून झाल्यावर पेट्रोलमध्ये बुडवलेली कागदाची पट्टी दोन तोंडांमध्ये धरून ओढली. काळा डाग यायचा थांबेपर्यंत ओढत राहिलो.

गॅप दोन्हीकडे ०.३५ लावून ठेवला. आधी गॅप, मग टायमिंग. गॅप नंतर हलवला की टायमिंग पुन्हा पहिल्यापासून.

१९ एप्रिल

गेजचं काम. आरडी ३५० ला पिस्टन टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर पोचतो ती जागा) २.० मिमी खाली असताना, वर येत असताना, पॉइंट उघडायला हवा. मॅन्युअल ०.१५ मिमी इकडेतिकडे चालवून घेतं. हे आकडे पिस्टनच्या जागेचे आहेत, म्हणून प्लगच्या भोकातून पिस्टनवर डायल गेज टेकवायला लागतं.

ज्यांना आयस्क्रीमच्या काडीने किंवा स्क्रूड्रायव्हरने टीडीसी शोधायची सवय आहे त्यांच्यासाठी हिशोब मांडतो. टीडीसीच्या दोन्ही बाजूंना क्रँक पाच-पाच अंश फिरला तरी पिस्टन जेमतेम ०.१३ मिमी हलतो. काडीला हे समजणं शक्यच नाही. उलट २ मिमी खाली असताना क्रँकच्या एका अंशाला पिस्टन ०.२ मिमी हलतो, म्हणून तिथलं माप पक्कं येतं. २ मिमी म्हणजे साधारण २० अंश.

१० मिमी चालीचा, ०.०१ मिमी मोजणारा डायल गेज ८५० रुपयांना मागवला. त्याची दांडी ८ मिमी जाडीची असते. प्लगच्या भोकात बसवायचं अडॅप्टर विकत घ्यायला निघालात तर गेजपेक्षा महाग पडतं. मी जुना बी८एचएस प्लग घेतला, त्याची चिनीमाती फोडून आतलं सगळं काढलं आणि रिकामं कवच अवधान एमआयडीसीत लेथवर दिलं. लेथवाल्या काकांनी आत ८ मिमीचं सरळ भोक पाडलं आणि बाजूने एक बारीक दाबस्क्रू बसवला. ३०० रुपये. ‘हे कशाला?’ म्हणून त्यांनी विचारलं, सांगितल्यावर म्हणाले, ‘यापेक्षा नवी गाडी घे.’ काम मात्र अगदी नेटकं केलं.

गेजच्या टोकाला लांब काडी लागते, नाहीतर ते पिस्टनपर्यंत पोचतच नाही. टोकाचा आटा २.५ मिमीचा असतो आणि त्याची डाय काकांकडे नव्हती. एक्स्टेन्शनचा संच वेगळा मागवला, २२० रुपये. या काडीसाठी आठवडा थांबावं लागेल असं वाटलं होतं, पण पार्सल दुसऱ्याच दिवशी आलं.

२१ एप्रिल

सकाळी सहाला सुरुवात. नऊनंतर अंगणात पान्ह्याला हात लावता येत नाही.

दोन्ही प्लग काढले, गाडी मेन स्टँडवर, सहावा गिअर, आणि मागचं चाक हाताने फिरवायचं. रोटरच्या बोल्टला पान्हा लावून फिरवू नका. डावीकडून बघितलं तर हे इंजिन घड्याळाच्या उलट फिरतं, म्हणजे पान्ह्याने पुढे फिरवताना तोच बोल्ट सुटायच्या दिशेला जातो. चाकाने फिरवलं की चेन आणि गिअरमध्ये थोडा ढिलेपणा असतो, पण गेज थेट पिस्टनवर असल्याने त्याने काही बिघडत नाही.

काटा पुढे जातो, थांबतो, परत फिरतो. थांबतो ती टीडीसी. तिथे चकती फिरवून शून्य केलं. मग चाक मागे, चारेक मिमी खाली नेऊन पुन्हा हळूच पुढे. नेहमी एकाच बाजूने, खालून वर.

पॉइंट कधी उघडतो हे डोळ्याने कळत नाही. मी मल्टिमीटर बझरवर ठेवला, एक टोक पॉइंटच्या वायरला, दुसरं इंजिनच्या बॉडीला. बझर थांबायला हवा तिथे थांबेचना. पॉइंट उघडा आहे हे समोर दिसतंय, तरी पी-पी सुरूच. कारण असं, की चावी बंद असली तरी दोन्ही कॉइल्सना येणारी वरची वायर एकच आहे. या कॉइलमधून वर, तिथून दुसऱ्या कॉइलमधून खाली, आणि दुसरा पॉइंट मिटलेला असला की तिथून बॉडीला. मीटरला रस्ता मिळतो. कॉइलची वायर पॉइंटपासून सोडवली तेव्हा बझर शहाणा झाला.

ज्यांच्याकडे मीटर नाही त्यांनी १२ व्होल्टचा छोटा बल्ब पॉइंटची वायर आणि बॉडी यांच्यात लावावा आणि चावी चालू करावी. पॉइंट मिटलेला असताना बल्ब विझलेला, उघडला की पेटतो. मात्र पॉइंट मिटलेला असताना चावी चालू ठेवून चहा प्यायला जाऊ नका, कॉइल तापते.

माप: डावं २.६, उजवं १.५. गॅप बरोबर केल्यावरही. डावं साधारण २३ अंशांवर, उजवं १७ वर. एकाच इंजिनाच्या दोन सिलेंडरांमध्ये सहा अंशांचा फरक! गॅप मोठा असताना डावं याहून पुढे असणार. टणटण होणारच.

यातच पुतण्या आला आणि ‘काका, कॉम्प्रेशन बघू?’ म्हणत गेज बसवलेलं असतानाच त्याने किक मारली. काडी वाकली. गेज वाचला. संचात दुसरी काडी होती म्हणून काम थांबलं नाही.

२२ एप्रिल

लावण्याचा क्रम. एक पॉइंट मुख्य प्लेटवर बसलेला असतो आणि दुसरा त्याच प्लेटवरच्या छोट्या प्लेटवर. मुख्य प्लेटवरचा आधी लावायचा, अख्खी प्लेट फिरवून. मग छोटी प्लेट सरकवून दुसरा. उलट केलंत तर मुख्य प्लेट हलली की आधी लावलेलाही हलतो, आणि दोघांच्या मधे फिरत राहता. प्लेट इंजिन फिरतं त्याच्या उलट दिशेने सरकवली की ठिणगी आधी, त्याच दिशेने सरकवली की उशिरा.

वेळ गेला तो स्क्रू आवळण्यात. २.० वर बरोबर लावायचं, स्क्रू आवळायचा, पुन्हा मोजायचं, तर १.८. स्क्रूच्या डोक्याखालच्या वॉशरने प्लेटमध्ये चाळीस वर्षांत खोबण पाडलीय आणि आवळताना तो प्लेटला त्या खोबणीत ओढून नेतो. खोबणीच्या कडा फाइलने सपाट केल्या, जुने वॉशर फेकून जाड सपाट वॉशर टाकले. स्क्रू आधी इतका आवळून ठेवायचा की प्लेट स्क्रूड्रायव्हरच्या टोकानेच हलेल, हाताने नाही. मग शेवटचा पाव फेरा. आता आवळल्यावर फरक ०.०३ च्या आत राहतो.

दोन्ही १.९ वर लावली. २.० का नाही? इथे मे महिन्यात हवाच ४३-४४ अंशांवर असते, आणि आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, ज्याने मिश्रण थोडं पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. टू-स्ट्रोकला गरमी आणि पातळ मिश्रण दोन्ही नको असतात. १.९ मॅन्युअलच्या हद्दीतच आहे. ०.१ मिमी म्हणजे अर्धा अंश, एवढ्याने पिकअप मेला असं कुणी म्हणालं तर मी तरी विश्वास ठेवणार नाही. या गाडीला टायमिंग आपोआप पुढे नेणारी यंत्रणा नाही. उभ्या गाडीवर लावाल तेच धावताना.

२७ एप्रिल

गाडी सुंदर चालली. किक हलकी, आयडल सारखं, लळिंगला टणटण नाही. मग तीन-चार दिवसांत हळूहळू मंद. सायलेन्सर जास्त तापतोय, वरच्या गिअरमध्ये ओढत नाही.

गेज लावला. डावं १.५, उजवं १.६. गॅप दोन्हीकडे ०.२७ च्या आसपास. पॉइंटचा टेकू, म्हणजे कॅमवर घासणारा तो तपकिरी फायबरचा तुकडा, झिजला होता. तो झिजला की गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतो, टायमिंग मागे येतं. प्रत्येक पॉइंटवाल्या गाडीत हे होतंच, पण महिन्यांत व्हायला हवं, दिवसांत नाही. हे पॉइंट १४ तारखेला घासलेले जुने नव्हते. मधे जोडीने नवे टाकले होते, पाचकंदीलजवळच्या दुकानातून, ४०० रुपयांत. डब्बी छान छापलेली. नखाने टेकू ओरखडला तर खूण उठली.

कॅमही बघितला. त्यावर बारीक गंज होता, म्हणजे तो टेकूला कानसच लावत होता. पितळ घासायच्या पेस्टने कॅम चकचकीत केला. कॅमला तेल देणारा फेल्टचा तुकडा कोरडाठाक होता. त्यावर अगदी थोडं ग्रीस. जास्त लावलं तर उडून पॉइंटवर जातं आणि मिसिंग सुरू होतं.

४०० रुपये गेलेच. जुन्या साठ्यातली जोडी नाशिकच्या एका ओळखीच्या माणसाकडे मिळाली, १,६०० रुपये. टेकू नखाला दाद देत नाही.

३० एप्रिल

आखाजी. बहिणी माहेरी आल्यात, अंगणातल्या निंबाला झोका बांधलाय आणि गाडी झोक्याच्या वाटेत येते म्हणून गोठ्यात ढकलली. खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस. पान्ह्याला हात नाही.

४ मे

नवे पॉइंट, गॅप ०.३५, टायमिंग लावायला बसलो. उजवं पटकन जमलं. डावं १.९ वर लावलं, चाक पूर्ण फिरवून पुन्हा मोजलं तर २.१. पुन्हा १.८. पुन्हा २.०. स्क्रू घट्ट, प्लेट हलत नाही, गेज घट्ट. उजव्या बाजूला मात्र दर वेळी तोच आकडा.

आमचे साक्रीकडचे एक जुने मिस्तरी लग्नाच्या निमित्ताने शेजारी आले होते. राजदूतच्या काळात यांनी अशा किती उघडल्या असतील त्याची गणती नाही. गेज बघून हसले. ‘भाऊ, टायमिंग कानवर लावतस, घड्याळवर नही.’ मी म्हणालो, ‘दादा, कानाने लावलेलं २.६ निघालं.’ ते काही बोलले नाहीत. खाली बसले, रोटर दोन्ही हातांनी धरला आणि वर-खाली हलवला. मीटरला लावलेला बझर थरथरला. पी... पी-पी. चाक फिरत नाहीये, पिस्टन जागचा हलत नाहीये, आणि डावा पॉइंट उघडझाप करतोय.

‘बेअरिंग गयं,’ म्हणाले.

कॅम रोटरच्या टोकाला आणि रोटर क्रँकच्या टोकाला. क्रँकचं डावं बेअरिंग ढिलं झालं की कॅम हवा तसा डुलतो आणि गॅप दर फेऱ्याला वेगळा. मग डाव्या बाजूला गेज बरोबर, हात बरोबर, आकडा चूक. उजवा पॉइंट कॅमच्या ज्या बाजूला टेकतो तिथे सध्याच्या ढिलेपणाचा परिणाम कमी होतो, म्हणून तो वाचला असावा.

कानाने लावणाऱ्यांवर माझा राग आहे, तो आहेच. पण रोटर हलवून बघायचं मला सुचलं नव्हतं आणि त्यांना दहा सेकंद लागले नाहीत.

६ मे

बेअरिंग ढिलं तर त्याच्या शेजारचं ऑइल सीलही गेलेलं असणार. डाव्या सीलमधून इंजिन बाहेरची हवा ओढतं, मिश्रण पातळ होतं आणि प्लग पांढरा पडतो. उजवं सील गेलं तर उलट, गिअरबॉक्सचं ऑइल आत जाऊन धूर येतो. म्हणजे डाव्या प्लगच्या पांढरेपणाला टायमिंग एकटं जबाबदार नव्हतं. त्या गॅरेजवाल्याने डावा सिलेंडर खालच्या रेसला ओढत नाही म्हणून टायमिंग पुढे नेलं असणार. हवेच्या गळतीवर ठिणगीचं औषध.

खात्री करायची होती. आईसाठी डिजिटल यंत्र आल्यापासून बीपीचं जुनं काट्याचं यंत्र कपाटात पडून होतं. टू-स्ट्रोकच्या गळतीच्या तपासणीला साधारण ६ पीएसआय दाब देतात आणि बीपीच्या यंत्राचा काटा ३०० मिमी पाऱ्यापर्यंत जातो, म्हणजे ५.८ पीएसआय. फुगा, काटा, नळी आणि हवा सोडायचा स्क्रू, सगळं आयतं मिळालं.

दोन्ही एक्झॉस्ट आणि दोन्ही कार्बोरेटरच्या जागा सायकलच्या ट्यूबचे तुकडे आणि क्लॅम्प लावून बंद केल्या. एका प्लगच्या भोकात तेच लेथवरचं अडॅप्टर आणि त्यातून नळी, दुसऱ्यात प्लग. ज्या बाजूने हवा द्यायची तिथला पिस्टन खाली ठेवला, म्हणजे त्या बाजूचे पोर्ट उघडे राहतील. फुगा दाबला. काटा २८० वर गेला आणि डोळ्यांदेखत खाली यायला लागला. साबणाचं पाणी शिंपडत गेलो. बेस गॅसकेट ठीक, हेड ठीक. रोटरच्या मागे, डाव्या सीलपाशी, फेस फुगत होता.

आईने विचारलं, ‘गाडीला बीपी आहे का?’ म्हटलं, ‘लो आहे.’

११ ते २२ मे

या काळात लिहिण्यासारखं माझ्या हातून फार झालं नाही. इंजिन उतरवून मिस्तरींकडे नेलं. आरडीच्या इंजिनची केस आडवी उघडते. बाहेरचं बेअरिंग क्रँक न उकलता पुलरने ओढून निघतं, म्हणून क्रँक प्रेसवर न्यावा लागला नाही. दोन्ही बाजूंचं बेअरिंग आणि दोन्ही सील बदलली. उजवं चांगलं दिसत होतं, पण केस उघडलीच आहे तर ते ठेवण्यात अर्थ नव्हता. डाव्या पिस्टनच्या डोक्यावर एक्झॉस्टच्या बाजूला खरखरीत डाग होता, अजून खोल नव्हता. पिस्टन ठेवला, रिंगा नव्या.

बेअरिंगं, सील, रिंगा, गॅसकेट मिळून ६,२०० रुपये. मजुरी ४,५००. गॅसकेट यायला उशीर झाला आणि मधे एक दिवस वादळी पावसाने वीज गेली, एवढीच काय ती रखडपट्टी.

इंजिन बसवल्यावर ऑटोल्यूब पंपाची, म्हणजे इंजिनात आपोआप ऑइल सोडणाऱ्या पंपाची, हवा काढायला विसरू नका. नळीत हवेचा बुडबुडा असताना गाडी सुरू केली तर टायमिंग कितीही नेमकं असलं तरी पिस्टन जाम होणार. पहिल्या टाकीत मी पेट्रोलमध्येही थोडं टू-टी ऑइल मिसळलं.

पुन्हा बीपीचं यंत्र. काटा २८० वर, चहा होईपर्यंत २७५. चालेल.

२४ मे

पुन्हा पहिल्यापासून. गॅप ०.३५, मुख्य प्लेट, छोटी प्लेट. डावं १.९, उजवं १.९. चाक फिरवलं, पुन्हा मोजलं, तोच आकडा. रोटर धरून हलवला, बझर गप्प.

देवपुरात जुन्या पेट्रोल कारचं काम करणाऱ्याकडून टायमिंग लाइट मागून आणली. गेज १.९ वर धरून रोटरवर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला आणि समोर केसवर रेघ मारली, दोन्ही सिलेंडरांसाठी वेगळी. संध्याकाळी अंधार पडल्यावर इंजिन सुरू केलं आणि लाइट लावली. दिवसा यातलं काही दिसत नाही. डावा ठिपका रेघेवर उभा. उजवा रेघेच्या केसभर मागे, आणि रेस वाढवली की थोडा थरथरतो. थरथर पॉइंटची असते, तेवढी राहणारच. स्थिर गेजवर आणि फिरत्या इंजिनात एकच उत्तर आलं, म्हणून उजव्याला हात लावला नाही.

मिस्तरींना फोनवरून आवाज ऐकवला. ‘आते बरोबर बोलस,’ म्हणाले. घड्याळाबद्दल काही नाही.

१ जून

नव्या रिंगा थोड्या बसाव्यात म्हणून पहिले काही दिवस हळू चालवून आज पहाटे चाळीसगावमार्गे कन्नड घाट. जड वाहनांना बंदी असल्याने घाट मोकळा मिळतो, आणि लळिंगपेक्षा चढ लांब. तिसऱ्या-चौथ्यात ओढत वर. टणटण नाही. माथ्यावर पुन्हा रेस पूर्ण असताना चावी बंद, प्लग बाहेर. दोन्ही विटकरी-तपकिरी, डावा किंचित फिकट. डाव्या कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारं छिद्र) एक नंबर मोठा टाकून बघायचा विचार आहे, पण ते पाऊस पडून हवा गार झाल्यावर. आत्ता टाकला तर फरक जेटचा की हवेचा ते कळायचं नाही.

घरी येऊन गॅप मोजला: डावा ०.३४, उजवा ०.३५. फेल्टवर ग्रीस आहे.

उजव्या पॉइंटच्या तोंडांमध्ये अंधारात निळसर ठिणगी जास्त दिसते आहे, डाव्यापेक्षा स्पष्ट जास्त. ती दाबणारा कंडेन्सर दमलाय. दोन मागवलेत, ३६० रुपये. डब्बी त्या ४०० रुपयांच्या पॉइंटच्या जोडीसारखीच छान छापलेली आहे, त्यामुळे बसवण्याआधी मीटरने मोजणार.